रत्नागिरीपेक्षा मनिला जवळ

कोल्हापूर ते मनिला अंतर किती, असं इंद्रजित लोहारला कुणी विचारलं तर तो किलोमीटर सांगायचा नाही. "ब्याऐंशी मिनिटं," म्हणायचा, आणि डंक चालू असल्यामुळं जरा ओरडूनच म्हणायचा. मंगळवार पेठेत त्याचा चटणी कुटायचा डंक. एप्रिल लागला की सकाळी सहापासून बायकांची रांग. कुणाच्या डब्यात भाजलेल्या मिरच्या, कुणाच्या पिशवीत खोबरं, तीळ, धणे. सगळी गल्ली दिवसभर शिंकत असायची. अशा माणसाला मनिलाशी काय देणंघेणं, असं कुणालाही वाटेल. पण होतं. ते सांगायचं तर आधी त्याच्या रक्ताचं सांगायला हवं.

आपल्या रक्तातल्या लाल पेशींवर साखरेच्या बारीक बारीक साखळ्या असतात. त्यांच्या टोकाला काय लागलंय, त्यावरून ए, बी असे गट ठरतात. टोकाला काहीच नसेल तर ओ. पण या तिन्हींच्या खाली एक पाया असतो, त्याला एच म्हणतात. तो सगळ्यांना असतो. म्हणजे जवळजवळ सगळ्यांना. काही थोड्या माणसांना तो पायासुद्धा नसतो. हे पहिल्यांदा लक्षात आलं ते १९५२ साली, मुंबईत, म्हणून त्या गटाचं नाव बॉम्बे. गंमत अशी की साध्या तपासणीत हे रक्त ओसारखंच दिसतं. मग डॉक्टर बिचारे ओ चढवतात, आणि शरीर त्या परक्या पेशींवर तुटून पडतं. बॉम्बेवाल्याला बॉम्बेवाल्याचंच रक्त चालतं, दुसरं कुणाचंही नाही. आपल्याकडं दहा हजारांत असा एखादा निघतो, बाहेर तर लाखांत एखादा.

इंद्रजितची आई त्यांतली होती. हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तो चौदा वर्षांचा असताना ती दुसऱ्या बाळंतपणाला गेली, मुलगी झाली, रक्तस्राव थांबेना. ओ रक्त चढवलं, ती आणखी बिघडली. काय प्रकार आहे हे कळेपर्यंत दीड दिवस गेला, आणि सांगलीत एक देणारा आहे हे कळेपर्यंत आई गेली होती. सांगली! एसटीनं सव्वा तास. त्या मुलीचं नाव संयोगिता, घरात संयू. दोघा भावंडांचंही रक्त तेच निघालं. इंद्रजितनं अठरा पूर्ण झाल्याच्या दिवशी दुर्मीळ रक्ताच्या यादीत नाव घातलं, आणि संयूला त्यानंच वाढवलं. वेण्या घालण्यापासून ते सासरी पाठवताना हुंदके देण्यापर्यंत सगळं.

पूर्वी त्याला वर्षातून एखादा फोन यायचा. बेळगाव, पुणे, फार तर हैदराबाद. चार वर्षांपूर्वी उजळाईवाडीच्या विमानतळावर पाकोळी आली आणि सगळं बदललं.

पाकोळी हे लोकांनी ठेवलेलं नाव. कागदावर काहीतरी लांबलचक आहे, ते कुणी म्हणत नाही. बिनमाणसाचं, दोन ट्रॅक्टर-ट्रॉल्यांएवढ्या लांबीचं विमान. साध्या जेटमध्ये पाती फिरतात आणि हवा दाबून आत घेतात. पाकोळीचं वरचं इंजिन वेगळं. आवाजाच्या पाचपट वेग झाला की समोरची हवा स्वतःच इतक्या जोरानं आत घुसते की तिला दाबायला पाती लागतच नाहीत, इंजिनाच्या तोंडाचा आकारच ते काम करतो. त्या वाऱ्यात हायड्रोजन पेटता ठेवायचा. एवढंच. वादळात काडी ओढून ती विझू न देण्यासारखं ते आहे, आणि त्याला माणसांची पन्नास-साठ वर्षं गेली. उभ्या जागेवरून मात्र ते इंजिन सुरू होत नाही, म्हणून आधी साध्या इंजिनानं वर जायचं, मग अठ्ठावीस किलोमीटर उंचीवर वारा विरळ झाला की हे पेटवायचं. कातडी तव्यासारखी तापते. माणूस बसवायची अजून कुणाची छाती नाही. औषधं जातात, रक्त जातं.

आणि जातं ते सरळ. नकाशावर कोल्हापूर आणि मनिला पट्टीनं जोडलं तर ती रेघ खोटी असते, कारण पृथ्वी काही कागदासारखी सपाट नाही. रक्तपेढीच्या डॉक्टर नाझनीन मुल्लाणी शिबिरात नारळ आणायच्या, त्यावर दोरा ताणून धरायच्या आणि सांगायच्या, "हा दोरा जिथून जातो, ती सगळ्यात जवळची वाट." त्या दोऱ्यानं मनिला पाच हजार किलोमीटर. पूर्वी दोन विमानं बदलून सतरा-अठरा तास लागायचे. आता ब्याऐंशी मिनिटं. मनिलात आसपासच्या बेटांसाठी मोठं औषध-केंद्र झालं होतं, आणि या दुर्मीळ रक्ताची माणसं कोल्हापूर, सांगली, रत्नागिरीकडं जास्त. म्हणून हा मार्ग.

मग यादीसुद्धा बदलली. पूर्वी ती गावांप्रमाणं असायची, आता मिनिटांप्रमाणं. रुग्णापासून कोण किती मिनिटांवर, एवढंच. इंद्रजितला सुरुवातीला याचा अभिमान वाटला, मग वैताग आला. गेल्या दोन वर्षांत तिकडच्या बेटांवर त्याचं रक्त दोनदा गेलं. तो एकदा डॉक्टरांना म्हणाला होता, "मॅडम, पूर्वी लांबचं दुःख लांब असायचं. कानावर आलं तरी माणूस अरेरे म्हणून चहा प्यायचा. आता साऱ्या आशिया खंडाचा शेजारी झालोय मी. शेजारी हाक मारतो, कान बंद करता येत न्हाईत."

"मग नाव काढू का यादीतनं?" डॉक्टरांनी विचारलं होतं.

"तसं कुठं म्हणतोय मी," असं म्हणून तो उठला होता.

त्या एप्रिलमध्ये मात्र त्यानं स्वतःच नावापुढं 'राखीव' लिहून घेतलं होतं. संयू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. नववा महिना, तारखेला पंचवीस दिवस बाकी. एका सांगलीकरानं दिलेली एक पिशवी फ्रिजमध्ये तिच्या नावानं ठेवलेली होती, आणि दुसरी चालती-बोलती पिशवी म्हणजे तिचा भाऊ. घरात कुणी आईचं नाव काढत नव्हतं, पण संयू रोज सकाळी एकदा तरी त्याच्या दंडाकडं बघायची. तिची भीती तेवढ्या एका दंडावर टेकून बसली होती.

डॉक्टरांचा फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते.

"इंद्रजित, तुम्ही राखीव आहात. नाही म्हणालात तर मी एक शब्द विचारणार नाही, कुणीच विचारणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मनिलात एक बाई बाळंत झाली आहे. रक्त थांबत नाही. त्यांनी बांधून, दाबून कसंतरी धरलंय. चार तास निघतील म्हणतात. गोठवलेला साठा तिथं नाही. यादीतल्या तुमच्या वरच्या चौघांत दोघांनी गेल्याच महिन्यात दिलंय, एकाला डेंगी आहे, आणि एकजण जहाजावर आहे."

इंद्रजितनं डंक बंद केला. रांगेतल्या बायका ओरडल्या, "अरं, अर्धी चटणी आत हाय माझी!" तो हात धुवायला मागं गेला. चटणीचे हात तीनदा धुतले तरी लाल राहतात. ते धूत असताना त्यानं सरळ हिशेब केला: एकदा रक्त दिलं की नव्वद दिवस पुन्हा देता येत नाही, आणि संयूला पंचवीस दिवस. हिशेब काही जमत नव्हता. तरी तो घरी गेला.

बायकोनं, रोहिणीनं, ताट वाढलं होतं. आमटी, भात, भाकरी, वांग्याची भाजी. संयू समोर पाय पसरून बसलेली. इंद्रजितनं पाट ओढला आणि बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं. त्याला घुमवून सांगणं कधी जमलंच नव्हतं.

संयू एकदम उठू शकत नव्हती, म्हणून बसूनच ओरडली. "तू जाणारायस?"

"चार तास हाईत तिच्याकडं, संयू."

"आणि माझ्याकडं? मला लागलं तर कुणाकडं बघू? सांग की! त्या मनिलातल्या बाईकडं?"

"तुला लागंलच असं न्हाई. एक पिशवी हाय. दुसरं कुणीतरी..."

"आईच्या वेळीपण कुणीतरी हुतंच की, सांगलीत," संयू म्हणाली आणि तिचा आवाज फाटला. "मी आईला बघितलं न्हाई दादा. तू बघितलंयस. बघूनसुद्धा तू जाणारायस."

बघितलंय म्हणूनच बसवत नाही, एवढंच त्याला म्हणायचं होतं. तो ताटावरून उठला. रोहिणी म्हणाली, "अहो, वाढल्या ताटावरनं उठू नये, दोन घास तरी..." पण संयूनं तोंड फिरवलं होतं, आणि त्या फिरवलेल्या तोंडासमोर बसून भाकरी मोडायची त्याची हिंमत नव्हती. चपला घालताना त्याला मागून ऐकू आलं, "वहिनी, त्यांना सांगा, आता माझ्याशी बोलायचं काम न्हाई."

रक्तपेढीत सिस्टरनं त्याला खुर्चीत आडवं केलं आणि विचारलं, "जेवलासा न्हवं?"

"व्हय की," इंद्रजित म्हणाला. "आत्ताच. पोटभर."

यात खोटं बोलायचा त्याचा काही इरादा नव्हता. आपल्याकडं दुसऱ्याच्या दारात 'जेवलो नाही' म्हणणं म्हणजे ताट मागणं. सात पिढ्यांची जिभेची सवय. पाहुण्याच्या पोटात कावळे ओरडत असले तरी तो ढेकर दिल्यासारखं करून सांगतो, "आत्ताच जेवून निघालो." सिस्टरही त्याच मातीतली, पण तिच्यासमोर माणसं रांगेनं होती. तिनं सुई घातली.

रक्त दोनशे मिलीच्या पुढं गेलं आणि इंद्रजितच्या कपाळावर घाम आला. छत जरा डावीकडं सरकलं. "सिस्टर," असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि तो थेट बेशुद्धच पडला. शुद्धीवर आला तेव्हा पाय उशीवर उंच ठेवलेले, तोंडात गुळाचा खडा, आणि समोर डॉक्टर मुल्लाणी. एरवी शांत असलेली ही बाई संतापानं लाल झाली होती.

"सकाळपासून काय खाल्लंत?"

"चहा."

"आणि पोटभर जेवण कोण जेवलं? मी? अहो, इथं सुई घालतो आम्ही, पंगत बसवत नाही! खोटं कशाला बोलायचं?"

"सवय हो मॅडम," तो पडल्या पडल्या म्हणाला. "पिशवी भरली का?"

भरली नव्हती. साडेतीनशेच्या पिशवीत अडीचशेसुद्धा नव्हतं. "दुसऱ्या हातातनं काढा उरलेलं," असं तो म्हणाला तेव्हा डॉक्टरांनी त्याच्याकडं असं पाहिलं की तो पुन्हा गूळ चघळायला लागला. नियमानं अशी अपुरी पिशवी बाजूला काढतात. डॉक्टरांनी मनिलाला फोन लावला. पलीकडचा डॉक्टर म्हणाला, वाटीभर असलं तरी पाठवा. मग त्यातल्या लाल पेशी वेगळ्या केल्या, तपासण्या उरकल्या आणि पेटी उजळाईवाडीला गेली. पाकोळी पाऊण वाजता उडाली, आणि आपल्या घड्याळात दोन वाजून सात मिनिटांनी मनिला.

संध्याकाळी साडेपाचला निरोप आला. बाई तगली. उरलेलं रक्त रात्री कोलंबोहून साध्या विमानानं यायचं होतं, तोवर या अपुऱ्या पिशवीनं तिला धरून ठेवलं होतं. इंद्रजितनं निरोप दोनदा वाचला. त्याला इतकं बरं वाटलं की तो उठून घरभर सांगायला निघाला, आणि मग घरात कुणाला सांगायचं ते आठवून परत बसला.

पुढचे दहा-अकरा दिवस संयू त्याच्याशी वहिनीमार्फत बोलली. तो समोर असायचा, ती त्याच्याकडं बघून रोहिणीला सांगायची, "वहिनी, त्यांना म्हणावं पाणी तापलंय." "वहिनी, त्यांना म्हणावं पंखा बारीक करा." रोहिणीचं बिचारीचं टेलिफोन ऑफिस झालं होतं. संयूसाठी आळिवाचे लाडू केले होते. रोज जेवताना त्यातला एक इंद्रजितच्या ताटात यायचा. पहिल्या दिवशी त्यानं तो परत ठेवला. तर संयू भिंतीकडं बघून म्हणाली, "वहिनी, त्यांना सांगा, रक्त लाडवानं भरतं, उपाशी राहून न्हाई. आणि सवयीनं 'झालं माझं' म्हणायचं न्हाई." म्हणजे पराक्रमाची बातमी घरापर्यंत पोचली होती. त्यानं मुकाट्यानं लाडू खाल्ला. बहिणीचा राग खरा होता आणि लाडूही खरा होता. त्याला दोन्ही गिळताना सारखंच जड जात होतं.

बाराव्या दिवशी सकाळी चहा घेताना संयूच्या हातातला कप कलंडला. कळा तेरा दिवस आधीच सुरू झाल्या होत्या.

नऊला दवाखाना गाठला. जावई बेळगावहून निघाले. साडेबाराला मुलगी झाली, चांगली खणखणीत रडली. रोहिणीनं बाहेर येऊन सांगितलं तेव्हा इंद्रजितनं जोडलेले हात कपाळाला लावले. वीस मिनिटांनी आतली धावपळ वाढली, आणि तो आवाज त्याला ओळखीचा वाटला. चौदाव्या वर्षी तो अशाच एका बंद दाराबाहेर उभा होता.

संयूचं रक्त थांबत नव्हतं. फ्रिजमधली पिशवी आत गेली. डॉक्टर मुल्लाणी रक्तपेढीतून स्वतः आल्या. "अजून एक तरी लागेल. तीन तासांच्या आत."

इंद्रजितनं बाही वर सारली. "माझं घ्या. जेवलोय आज. खरंच जेवलोय, रोहिणीला विचारा."

"बारा दिवस झालेत फक्त. तुमचं हिमोग्लोबिन दहावर आहे. तुमचं घेतलं तर माझ्याकडं दोन पेशंट होतील."

"हूंदेत की दोन!"

"इंद्रजित, खाली बसा," डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला म्हणून तो बसला.

सांगलीचा एक दाता तापानं पडला होता. रत्नागिरीचे दाते भाटकर, बर्फाच्या कारखान्यातले, फोन जाताच निघाले होते. पण आंबा घाटात दुधाचा टँकर उलटून दोन्हीकडं गाड्या तुंबल्या होत्या. अंतर एकशे तीस किलोमीटर, वेळ सांगता येत नाही. डॉक्टरांनी फोनवर यादी उघडली. मिनिटांची यादी. पहिलं नाव बघून त्या क्षणभर थांबल्या.

"मनिलात एक तयार पिशवी आहे," त्या म्हणाल्या. "कालच काढलेली. पण ती कुणासाठी तरी राखून ठेवलेली आहे."

"मग देतील का?"

"विचारते."

इंद्रजित त्यांच्या तोंडाकडं बघत राहिला. बारा दिवसांपूर्वी आपण त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला होतो, हे त्याला त्या वेळी समजलं. त्या बाईचं कुणीतरी असंच एका डॉक्टरच्या तोंडाकडं बघत उभं असणार, आणि आपण तिकडं हात धूत, हिशेब करत बसलो होतो. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर इंग्रजीत बोलत होत्या. दोन मिनिटंही झाली नसतील. त्यांनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "हो म्हणाले."

त्याच्याच्यानं तिथं बसवेना. तो पेटी आणायला जाणाऱ्या गाडीत चढून बसला. उजळाईवाडीला जाळीच्या आत उभं राहून त्यानं आभाळाकडं डोळे लावले. तीन वाजून बारा मिनिटांनी शेजारच्या घरात कुणीतरी दार लोटल्यासारखा एक दबका आवाज वरून आला, आणि मग पूर्वेकडून ती काळी, चपटी वस्तू खाली उतरली. उतरली तरी हात लावायची सोय नव्हती. अंगातून नुसत्या झळा निघत होत्या. दहा मिनिटं थांबणं भाग होतं. इंद्रजितनं तिला हात जोडले.

"दादा, यंत्र हाय ते," तिथला कामगार हसून म्हणाला.

"असूदे," इंद्रजित म्हणाला. "तिकडनं ज्यानं पाठवलंय त्याला कुठं जोडू? हितंच जोडतो."

पावणेचारला पिशवी संयूच्या हाताला लागली. सव्वाचारला डॉक्टर बाहेर आल्या आणि त्यांनी काही बोलायच्या आत इंद्रजितला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. तो रडला. चांगला मोठ्यानं, लोकांदेखत, खांद्यावरच्या टॉवेलात तोंड खुपसून. जावई तोवर पोचले होते, ते घाबरले. रोहिणी त्यांना सांगायला लागली, "अहो, बरं झालंय सगळं, म्हणून रडतायत."

साडेपाचला भाटकर आले. धुळीनं भरलेले, चपलेचा अंगठा तुटलेला. घाटात गाडी सोडून ते टँकरच्या पलीकडं अडीच किलोमीटर चालत आले होते आणि तिथून एका पिकअपमध्ये बसले होते. "उशीर झाला काय हो?" त्यांनी दारातूनच विचारलं. इंद्रजितनं त्यांना मिठीच मारली. डॉक्टरांनी त्यांना आधी समोर बसवून जेवायला लावलं आणि मग त्यांची पिशवी भरून घेतली. राहू दे हाताशी, म्हणाल्या.

सातच्या सुमारास संयूला बोलायला परवानगी मिळाली. इंद्रजित आत गेला आणि पलंगापासून चार हात लांब उभा राहिला. खोलीत रोहिणी होती. संयूनं तिच्याकडं पाहिलं नाही.

"दादा," ती म्हणाली. "लांब का उभा हायस?"

तो जवळ जाऊन बसला. थोडा वेळ दोघंही बाळाकडं बघत राहिले. मग संयूनं नळीकडं बोट केलं. "कुठनं आलं हे?"

"मनिलाहून."

डॉक्टर मुल्लाणी कागद बघत पायथ्याशी उभ्या होत्या. "त्याच बाईचं?" संयूनं त्यांना विचारलं.

"नाव मला सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आणि तिचं तर आत्ता कुणी घेऊच शकत नाही." त्यांनी कागद खाली ठेवला. "त्या बाईचं प्रकरण झालं तेव्हा त्यांनी तिच्या भावंडांचं रक्त तपासलं. एक भाऊ निघाला. मनिलातल्या यादीत आता ती दोघंच आहेत. याउपर मी काही बोललेली नाही."

"राखून कुणासाठी ठेवलं हुतं?"

डॉक्टरांनी दाराकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "त्या बाईचं उद्या सकाळी दुसरं ऑपरेशन आहे."

संयूनं डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी उशीवर उतरलं. इंद्रजितनं ते पुसायला हात पुढं केला तर तिनं तो हात धरून ठेवला. "तिच्यापण भावानं उठून दिलं," ती म्हणाली. "आणि तिला कळलं असंल दादा. दवाखान्यातच हाय ती अजून. तिला कुणीतरी सांगितलं असंलच. ती काय म्हणाली असंल?"

"कुणास ठाऊक."

"मी जे म्हणाले तेच म्हणाली असंल. मी तुला काय काय बोलले."

"बोललीस तर बोललीस. मलाबी त्या दिवशी ताटावरच बसून ऱ्हावंसं वाटत हुतं, खरं सांगतो," इंद्रजित म्हणाला.

संयूनं नाक पुसलं आणि डॉक्टरांकडं मान वळवली. "रत्नागिरीचे ते काका आलेत म्हणं. त्यांची पिशवी?"

"खाली फ्रिजमध्ये आहे. तुमच्यासाठी."

"ती तिकडं पाठवा."

"संयोगिता, तुमचं रक्त थांबलंय. पण आजची रात्र ती पिशवी इथं असलेली मला बरी. तुम्हाला लागण्याची शक्यता कमी आहे, पण शून्य नाही."

"तिलापण शून्य न्हवती," संयू म्हणाली. "तरी दिली न्हवं?"

डॉक्टरांनी जावयांकडं पाहिलं, ते गोंधळून उभे होते. मग इंद्रजितकडं पाहिलं. बहिणीचा हात त्याच्या हातात होता आणि त्या हाताला आता ऊब आली होती. त्याला भीती वाटली. तरी त्यानं मान हलवली.

डॉक्टरांनी खिशातून फोन काढला आणि विमानतळाला विचारलं, "शेवटची पाकोळी किती वाजता आहे?"